काळजात खोट निघेना

शिंप्याची बायको नातवाला सांभाळायला मुलाकडे गेली आणि तिकडचीच होऊन बसली. "तुमच्या तब्येतीचं काही निघालं तर लगेच येईन," एवढंच फोनवर म्हणायची. झालं, तेव्हापासून शिंप्याची छाती रोज दिवेलागणीला जड व्हायला लागली. घर खायला उठायचं, दुसरं काय!

डॉक्टरांनी हृदयासाठी फिरत्या पट्ट्यावर चालायची तपासणी सांगितली. ती करणाऱ्या बाईंनी आदल्या दिवशीच बजावलं, "काका, रिकाम्या पोटी या. जेवलं की रक्त पोटाकडे धावतं. चालताना ते पायांना हवं, आणि हृदयालाही."

हे ऐकून शिंप्याला आशेचा किरण दिसला. पोटानं रक्त अडवून ठेवलं, तर हृदयाची थोडी तरी उपासमार होईल. दुसऱ्या दिवशी तो आकंठ जेवून गेला.

पट्टा सुरू झाला. छातीला चिकटवलेल्या तारांतून पडद्यावर रेघ धावू लागली.

"ती बिघडते कधी?" त्यानं विचारलं.

"पाय जोरात चालले की हृदयाच्या नळ्या रुंद होतात, रक्त वाढतं. नळ्या तुंबल्या असतील तर रेघ खाली बसते."

रेघ काही बसेना. उचकी मात्र लागली. प्रत्येक उचकीला रेघ टुणकन उडायची. बाईंनी घाबरून डॉक्टरांना बोलावलं. शिंप्याला वाटलं, आलीच आता बायको. पण डॉक्टर म्हणाले, "ही उचकी आहे. जेवून आलात ना? पट्टा थांबवा." मग त्याला दुपारभर उपाशी बसवलं आणि पुन्हा चढवलं, चढ वाढवून.

जन्मभर शिलाई मशीन मारलेले पाय ते. दमायचं नावच घेईनात.

"पायांना, हृदयाला, मागतील तेवढं रक्त मिळतंय," डॉक्टर कौतुकानं म्हणाले. "छाती जड होते म्हणालात, पण काळजात खोट नाही."

"नीट बघा ना साहेब, बारीकशी असेल," शिंपी अजीजीनं म्हणाला.

बाहेर येऊन त्यानं बायकोला फोन लावला.

"काय निघालं?" तिनं घाईनं विचारलं.

"काही नाही. ठणठणीत आहे मी." त्याला रडूच येत होतं.

ती करवादली, "तुमचं मेलं नेहमीचंच. वेळेला काही उपयोग नाही. मी सकाळपासून बॅग भरून बसलेय. सूनबाईला काय सांगू आता?"

शिंपी हळूच म्हणाला, "सांग, त्यांना करमत नाही."

"तुमचं कशाला सांगू? मलाच करमत नाही, असं सांगते."