लाल गाडी, हिरवी चिंधी

रोह्याच्या अष्टमी भागात इलियासभाईंच्या अंगणात उभी असलेली लाल गाडी दोनच माणसं बसतील एवढी होती, आणि त्यातल्या एका माणसानं तिच्यात बसायला साफ नकार दिला होता. ते माणूस म्हणजे त्यांची बायको नूरबानो. गेल्या वर्षी तिच्या डोळ्यांदेखत ही गाडी उतारावर थांबायचं नाव घेईना, आणि शेवटी कलिंगडाच्या एका हातगाडीनं तिला थांबवलं. तेव्हापासून नूरबानोचं म्हणणं एकच. "धावते कशी ते मला सांगू नका. थांबायला लागली की बोलवा."

इलियासभाईंना हे फार लागलं. मस्कतला वीसेक वर्षं गाड्यांच्या सुट्या भागांचं गोदाम सांभाळलेला माणूस. कुठला भाग कुठल्या रॅकवर, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचे. त्या काळात पान्याला कधी हात लावला नव्हता, ही गोष्ट वेगळी. परत आल्यावर ही जुनी जपानी स्पोर्ट्स कार घेतली ती एवढ्याचसाठी, की बायकोला शेजारी बसवून एकदा तरी रुबाबात तिच्या माहेरी, पेणला जावं.

माहेरी होता मेहुणा यूनुस, आणि यूनुसचं होतं गॅरेज. भेटला की म्हणायचा, "दुल्हाभाई, तुमची गाडी थांबायला उतार संपावा लागतो." वर गाडी माझ्याकडं घेऊन या, असा प्रेमळ सल्लाही द्यायचा. इलियासभाई एकवेळ बैलगाडीनं फिरले असते, पण ब्रेकसाठी मेहुण्याच्या दारात गेले नसते.

मग गेल्या हिवाळ्यात ते मस्कतला पुतण्याकडं जाऊन आले. तिथल्या भंगार यार्डात त्यांना आपल्याच गाडीची नवी पिढी दिसली, मागून ठोकलेली, पण पुढून ठणठणीत. तिच्या पुढच्या चाकांतले कॅलिपर, म्हणजे ब्रेक दाबला की चाकाची तबकडी आवळून धरणारे लोखंडी पंजे, जुन्याच्या दीडपट होते. इलियासभाईंनी ते उभ्या उभ्या तबकड्यांसकट काढून घेतले, आणि गोदामवाल्याच्या शिस्तीनं स्टेअरिंगकडच्या कॅलिपरला हिरवी चिंधी बांधून ठेवली. खूण केल्याशिवाय वस्तू हलवायची नाही, हा त्यांचा जन्माचा नियम.

यूनुसनं गॅरेजला नवी शेड बांधली आणि रविवारी दोघांना जेवायला बोलावलं, तेव्हा इलियासभाईंनी फोनवर छातीठोकपणे सांगून टाकलं, "ह्या वेळी तुझी बहीण माझ्या गाडीतनं येईल." बोलून गेले आणि कामाला लागले. मोबाइलवर व्हिडिओ बघत बघत चिंधीवाला कॅलिपर स्टेअरिंगच्या बाजूला बसवला, दुसरा दुसरीकडं. आता चाक बसेना. नवा कॅलिपर एवढा धिप्पाड, की जुनी रिम त्याला घासायला लागली.

"आज्याच्या चपलेत नातवाचा पाय घालताय," नूरबानो ओसरीवरनं म्हणाली. इलियासभाईंनी पुढची दोन चाकं मोठी आणली. त्यानं गाडी पुढून मान वर करून शेजाऱ्यांच्या गच्चीकडं बघायला लागली, पण चाक बसलं.

राहिलं होतं ब्रेकच्या तेलाच्या पाइपातली हवा काढायचं काम. त्याला एकानं पेडल दाबायचं आणि दुसऱ्यानं चाकाशी बसून स्क्रू सोडायचा. नूरबानो गाडीत बसणार नव्हती. तिनं दाराबाहेर उभं राहून, कपडे वाळत घालायच्या काठीनं पेडल दाबलं. शुक्रवारी दाबलं, शनिवारी दाबलं. तेल गेलं, काठी मोडली, पण पेडल चहात बुडवलेल्या पावासारखं मऊ ते मऊच.

रविवारी सकाळी पेडल सरळ तळाला टेकलं, तेव्हा इलियासभाई पायरीवर बसून राहिले. नूरबानोनं एसटीनं जाऊ म्हटलं. ते म्हणाले, "मी सांगितलंय गो त्याला, गाडीतनं येतो म्हणून." त्यांचा उतरलेला चेहरा तिला बघवेना. तेवढ्यात पेणजवळच्या हमरापूरचा जनू बाजारात गणपतीच्या मूर्ती उतरवून रिकामा टेम्पो घेऊन परत निघालेला तिला दिसला, आणि तिनंच त्याला हाक मारली.

जनूनं बांधावरून फळ्या टाकून, चार माणसं लावून गाडी टेम्पोत चढवली. मूर्ती असो की मोटर, चारी बाजूंनी पेंढा कोंबल्याशिवाय टेम्पो हलवायचा नाही, हा हमरापूरचा रिवाज. केबिनमध्ये साचे भरलेले, तिथं बसायला जागा नव्हती.

"जनू, तुझे ब्रेक लागतात ना?" नूरबानोनं विचारलं.

"लागतात भाभी."

"मग मी गाडीत बसते."

आणि सवयीनं ती उजव्या दाराशी गेली. तिथं स्टेअरिंग बघून स्वतःच हसली. म्हणाली, "मस्कतची सवय हो. तिकडं स्टेअरिंग डावीकडं, मी तुमच्या उजव्या हाताला बसायची." इलियासभाईही हसले आणि स्टेअरिंगमागं जाऊन बसले.

टेम्पो निघाला. नागोठण्याला पेंढा बघून लोकांनी लांबूनच हात जोडले, आणि जवळ आल्यावर आत लाल मोटर आणि मोटरीत जोडपं बघून जोडलेले हात तसेच राहिले. नूरबानोनं ओढणी नीट केली आणि मान डोलवून सगळ्यांचे सलाम घेतले. इलियासभाई वळण आलं की उगाच स्टेअरिंग धरत होते. वडखळला मात्र नूरबानोचं ते उजवं दार आठवलं आणि त्यांचा हात एकदम थांबला.

चिंधी बांधली होती स्टेअरिंगच्या बाजूला. मस्कतच्या. म्हणजे डावीकडच्या. आणि ती आता बसली होती उजवीकडं. डावा पंजा उजवीकडं गेला म्हणजे हवा काढायचा स्क्रू वर राहायचा तो खाली जाणार, आणि हवा वरच कोंडून बसणार. आयुष्यभर खुणा करणाऱ्या माणसाला त्याच्या खुणेनंच बुडवलं होतं. इलियासभाईंनी कपाळाला हात लावला.

पेणला गॅरेजसमोर अर्धी आळी जमली. यूनुस वर बघत राहिला. "दुल्हाभाई, गाडी गाडीत घालून आणलीत?"

"तुझी बहीण माझ्या गाडीतनं येईल, असं म्हणालेले ना ते?" वरून नूरबानो म्हणाली. "मग मी कशात बसलेय?"

गाडी उतरली. यूनुसनं पाना उचलला, तसा इलियासभाईंनी तो त्याच्या हातातून काढून घेतला. साऱ्या आळीसमोर दोन्ही कॅलिपर अदलाबदल केले. यूनुस मुकाट्यानं एकेक पाना हातात देत होता आणि पेडल दाबत होता. थोड्याच वेळात पेडल दगडासारखं घट्ट झालं.

"कसं समजलं तुम्हाला?" यूनुसनं विचारलं.

अनुभव, असं म्हणायला इलियासभाईंचं तोंड उघडलं होतं. मग त्यांनी बायकोकडं बघितलं. "मला नाय समजलं. तुझ्या बहिणीनं काढलं शोधून."

"आपा, तुला कॅलिपरमधलं काय कळतं?"

कॅलिपर खायचा की प्यायचा, हे नूरबानोला अजूनही माहीत नव्हतं. पण सगळी आळी बघत होती. ती ताठ मानेनं म्हणाली, "वीस वर्षं ह्यांच्या शेजारी बसलेय मी."

इलियासभाईंची छाती अशी फुगली की जेवताना यूनुसनं दोनदा बिर्याणी वाढली तरी त्यांना कळलं नाही.

परतताना नूरबानो गाडीत डावीकडं बसली. रेल्वे फाटकाशी इलियासभाईंनी हलकेच ब्रेक दाबला आणि गाडी रेघेवर थांबली. तिच्या मांडीवरच्या डब्यातला रस्सासुद्धा हलला नाही. इलियासभाई तिच्या तोंडाकडं बघत राहिले.

नूरबानोनं काचेतून बाहेर बघितलं. एका बाजूला एसटीचं चाक, दुसऱ्या बाजूला ट्रकचं. वरून कोणी बघत नव्हतं.

"थांबली हो, छान थांबली," ती म्हणाली. "पण टेम्पोतच बरं होतं. लोकं बघत तरी होती."