पाठीवर गेरू असलेली पुस्तकं

आमच्या कळंबच्या वाचनालयात एके काळी त्रेचाळीस पुस्तकांच्या पाठीवर गेरूचा ठिपका होता. अंगठ्याएवढा, लालभडक, ओल्या बोटानं दाबून लावलेला. लावणारे होते सत्तरीला टेकलेले बिरूतात्या. लपूनछपून लावत असते तर एक वेळ मी माफ केलं असतं. पण ते माझ्या टेबलासमोर उभे राहून, कोपरीच्या खिशातली डबी काढून, थुंकीनं अंगठा ओला करून लावायचे. आणि वर म्हणायचे, "ह्ये आपलं झालं."

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी तेव्हा चाळिशीची. ग्रंथपालाच्या परीक्षेचं प्रमाणपत्र नुकतंच मिळालेलं, ते फ्रेम करून कपाटावर लावलेलं. नाकावर चष्मा, चष्म्याला साखळी. नंबर काही फार नव्हता, पण साखळीचा रुबाब होता. आता माझ्या नाती माझा तेव्हाचा फोटो बघून पोट धरून हसतात. मीच दाखवते त्यांना.

वाचनालय गावाचं, पण मी 'माझं' म्हणायची. त्यात दोन भाग. डावीकडे कथा-कादंबऱ्या, उजवीकडे माहितीची पुस्तकं, मध्ये मी. मला ओलांडून कुठलंही पुस्तक पलीकडे जाणार नाही, असा माझा कायदा.

तात्यांना तो कायदा मान्य नव्हता. परत आणलेलं पुस्तक ते स्वतःच कपाटात ठेवायचे, तेही कुठं, तर एका विधवेची कादंबरी विहीर खोदण्याच्या पुस्तकाला चिकटून. बर्फाच्या मुलखातलं प्रवासवर्णन बाळंतिणीच्या आहाराशेजारी.

"तात्या, हे काय चालवलंय?"

"ती एकत्र चरत्यात, बाई."

"पुस्तकं चरतात?"

"ह्या इधवा बाईनं ह्ये हिरीचं पुस्तक वाचलं असतं, तर दिराच्या पान्यासाठी मिनतवाऱ्या कराय लागल्या नसत्या तिला. अन् तितं त्यो मानूस बर्फात उपाशी मरतोय, हितं सत्तराव्या पानावर डिंकाचं लाडू हायत. जवळ नगं ठेवाय?"

मी दोन्ही पुस्तकं उचलून आपापल्या जागी ठेवायची. तात्या दुसऱ्या दिवशी पुन्हा हलवायचे. असं किती दिवस? तीन वर्षं.

खऱ्याखोट्याचा त्यांचा हिशेबही उलटा. कादंबरीवर विश्वास, माहितीवर संशय. संकरित गाईंचं एक पुस्तक त्यांनी मला टेबलावर आणून आपटलं. "ह्यातली गाय न्हाय पटली. साठ पानं झाली, एकदाबी लाथ मारली न्हाय." त्या पुस्तकाला ठिपका मिळाला नाही. विधवेला मात्र मिळाला. "ती खरी हाय. आमच्या पाव्हन्यात हाय तसली."

पण सगळ्यात मोठा जाच म्हणजे त्यांचं "वाचलंय का?" वाचनालयात येणाऱ्या प्रत्येकाला ते गाठायचे. पेपर वाचायला आलेले मास्तर, जाहिराती उतरवून घ्यायला आलेला कुणी बेकार, चुकून पत्ता विचारायला आलेला वाटसरू. "ह्ये वाचलंय का? न्हाय? न्या. वाचा. मंग बोलू." मास्तर त्यांना लांबून येताना बघून पेपर तोंडासमोर उभा धरायचे. तात्या पेपरच्या वरून डोकवायचे.

मला तर रोजच. "बाई, वाचलं का?"

"मला वेळ कुठाय, तात्या? मला सगळी पुस्तकं सांभाळायची असतात."

आता सांगायला हरकत नाही. खुर्चीवर बसल्यापासून मी एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलं नव्हतं. नंबर मात्र सगळ्यांचे पाठ. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितले असते. आत काय लिहिलंय ते तेवढं विचारायचं नाही.

तात्यांचं घराणं मेंढरांवर जगलेलं. शाळा चौथीपर्यंत, पुढचं वाचन मेंढरांमागं, पुडीच्या कागदांवरून. कालव्याचं पाणी शेताला आलं तशी मुलांनी मेंढरं विकली आणि डाळिंब लावलं. मुलगे दिवसभर बागेत, आणि घरी आले की बोलणं औषधफवारणीचं. तात्या चार वाजले की माझ्या छळाला मोकळे.

अशात पत्र आलं, जिल्ह्याचे साहेब तपासणीला येणार. आमचं वाचनालय 'ड' वर्गात. 'क' वर्ग मिळवायचा म्हणून मी दोन वर्षं झटत होते, आणि इथं त्रेचाळीस पुस्तकं गेरूनं माखलेली. मी तात्यांना खडसावून सांगितलं, "आता एक जरी ठिपका दिसला, तर तुमचं कार्ड रद्द."

"बरं," म्हणाले. डबी खिशात गेली.

तीन दुपारी खपून मी त्रेचाळीसच्या त्रेचाळीस पुस्तकांना खाकी कव्हरं घातली. कव्हरावर नुसते नंबर. डावीकडची डावीकडे, उजवीकडची उजवीकडे. साहेब आले, चहा प्याले, कपाटावरून नजर फिरवून "शिस्त दिसते," म्हणाले. माझे पाय दोन दिवस जमिनीला लागले नाहीत.

तिसऱ्या दिवशी तात्या आले आणि कपाटासमोर उभे राहिले. त्यांची सगळी पुस्तकं खाकीत. मला अगदी आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. "आता ओळखा बरं, तुमचं कुठलं पुस्तक कुठलं ते."

त्यांनी कपाटावरून हात फिरवला आणि एकेक पुस्तक अर्धं बाहेर ओढत गेले. न उघडता. "ही इधवा. ह्यो बर्फातला. ही हीर. हे लाडू." मी मागून उघडून बघत होते. एकही चुकलं नाही.

माझा पारा चढला. "खुणेशिवाय ओळखता येतात, तर मग तीन वर्षं गेरू कशाला फासलात?"

तात्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू प्रश्न फारच बाळबोध असावा.

"खूण धन्यासाठी नसती, बाई. दुसऱ्यासाठी असती. रानात मेंढरू चुकतं, दुसऱ्याच्या कळपात शिरतं. त्यो पाठीवरची गेरूची खूण बघतो, अमक्याचं हाय म्हनतो, अन् घिऊन येतो आमच्या बिऱ्हाडावर. मंग बसतो. च्या हुतो. बोलनं निघतं. आमच्या निम्म्या वळखी तशाच झाल्या."

"आणि पुस्तकाचं काय?"

"म्हनलं, कुनीतरी न्हील. खूण बघंल. बिरूचं हाय म्हनंल, यील बोलाय."

कुणी आलं का, हे विचारायची गरज नव्हती. नोंदीचं टेबल माझंच होतं.

त्यांनी खिशातून कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. "ह्ये ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. एकट्यानं किती वाचायचं."

अशा वेळी शहाण्या बाईनं काय म्हणावं? मी म्हणाले, "सभासदत्व सोडायचं तर लेखी अर्ज लागतो." खरंच म्हणाले. साखळी सरळ करून म्हणाले.

"देतो उद्या लिवून," म्हणून ते गेले.

दुसऱ्या दिवशी चार वाजले, अर्ज आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मास्तर पेपर खाली धरून निवांत वाचत होते, ते मला बघवेना. संध्याकाळी मी ती विधवेची कादंबरी पिशवीत टाकली. म्हटलं, चार पानं चाळू. त्या दिवशी आमटी करपली. दुसऱ्या दिवशी दूध उतू गेलं. आमचे हे म्हणाले, "प्रमाणपत्र मिळाल्यावर वाचायला शिकलीस होय?" पाचव्या दिवशी पुस्तक संपलं, आणि शेवट वाचून मी अशी संतापले की चपला पायात सरकवून थेट कालव्याच्या कडेनं तात्यांच्या वस्तीवर गेले.

तात्या लिंबाखाली एकटेच बसले होते. मला बघून ओशाळले. "अर्ज ऱ्हायला, बाई. कागूद घावला न्हाय."

"अर्जाला नाही आले." मी पिशवीतून पुस्तक काढलं. "तुमचं एक आमच्याकडं आलं होतं, ते घेऊन आले. आणि तात्या, ती शेवटी दिराला घर सोडून देऊन निघून जाते, हे मला अजिबात पटलेलं नाही. शेत तिच्या नावावर होतं."

तात्या उठले, दोरीवरची घोंगडी काढून झटकली, सावलीत अंथरली. आतल्या सुनेला दोन कप चहा टाकायला सांगितला. मग समोर मांडी घालून बसले.

"बसा," म्हणाले. "कंच्या पानापासनं न्हाय पटलं?"