म्हात्रेकाकांचा ‘सेट’

माझ्या घरचं दही सेट झालं की नाही, याच्याशी शेजारच्या माणसाचं काही देणंघेणं नसतं. पण त्या दिवशी सकाळी सात वाजता मी ओट्यापाशी उभी राहून नवऱ्याला एवढंच म्हणाले, “अरे, दही सेट नाही झालेलं, डब्यात लोणचं देते,” आणि मिनिटाच्या आत बेल वाजली. दारात समोरचे म्हात्रेकाका. अंगात बंडी, कानावर पेन, हातात लांबोडकी वही, आणि चेहरा घरात नातू जन्मल्यासारखा.

“टीचर, आता काय बोल्ली तू?”

मला वाटलं माझा आवाज चढला होता. “सॉरी काका, यांच्या डब्याची घाई...”

“डबा ऱ्हाऊ दे गो. दही काय झाला नाय बोल्ली?”

“सेट.”

“हा नवा हाय!” काका इतक्या जोरात ओरडले की खालच्या मजल्यावरचं दार उघडलं. त्यांनी भिंतीला वही टेकवली आणि लिहून घेतलं: कोण बोललं, कुठे, किती वाजता. खाली माझी सही घेतली. साक्षीदार म्हणून नवऱ्याची. त्याच्या तोंडात ब्रश होता, त्यानं फेसासकट सही केली.

कोपरला आमची तीन मजली, बिनलिफ्टची इमारत आहे. ती उभी आहे त्या जागेवर म्हात्रेकाकांच्या आजोबांचं भाताचं शेत होतं. काका स्वतः एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत फिटर होते. चाळीस वर्षं पाइप जोडले आणि रिटायर झाले. बोलणं अर्धं गावचं, अर्धं कंपनीतलं. मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून माझं नाव ‘टीचर’, मग मी घरात भांडी घासत असले तरी टीचरच.

गेल्या वर्षी काकींना लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हापासून काकी खुर्चीत आणि काका ‘सेट’ या शब्दाच्या मागे. कोण, कुठे, कशाला सेट म्हणतं ते जमवायचं, एवढाच ध्यास. बायकोच्या आजारपणानं म्हातारा बिथरला, असं इमारतीचं मत पडलं, आणि खोटं कशाला बोलू, माझंही तेच होतं. “काका, किती झाले?” असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: “लय झाले. पन एक हाय, तो सापडत नाय.”

एकदा मला उत्साह आला आणि मी माझी जाडजूड डिक्शनरी नेऊन दिली. ‘सेट’चे अर्थ पानंच्या पानं आहेत त्यात. दुसऱ्या दिवशी डिक्शनरी माझ्या दारात, पिशवीत नीट गुंडाळून परत. “पुस्तकातला नको. माणसाच्या तोंडचा पायजे. आन हितल्याच माणसाच्या.” मी मनात म्हटलं, जा, मरा. बावीस वर्षं इंग्रजी शिकवणाऱ्या बाईचा हा अपमान होता.

माणसाच्या तोंडचा मिळवायला काका संध्याकाळच्या एका तासात कुठेही जात. बाजूला नवी इमारत चढत होती. तिथला मुकादम फोनवर “स्लॅब सेट होऊ दे” असं ओरडताना काकांनी गॅलरीतून ऐकलं आणि वही घेऊन थेट त्याच्यापुढे उभे राहिले. “नाव काय तुझा? स्लॅब काय होऊ दे बोल्ला? हितं सही कर.” मुकादमाला वाटलं, कुठल्या तरी ऑफिसातून तपासणी आली. त्यानं खुर्ची मागवली, चहा मागवला आणि काकांच्या कानाशी येऊन हळूच विचारलं, “साहेब, काही सेटिंग होईल का?” काका खुर्चीवरून उडालेच. “एका फेरीत दोन गावले!” म्हणून त्यांनी मुकादमाला मिठी मारली. त्या मुकादमाला आजवर काही उलगडा झालेला नाही. काकांना बघितलं की तो अजून हेल्मेट काढून उभा राहतो.

हॉटेलात त्यांनी सेट डोशावरून वेटरला पाऊण तास पिडलं. जिममधली पोरं “काका, आज तीन सेट मारले” असं रस्त्यातून ओरडून सांगायची आणि सही द्यायला स्वतःहून थांबायची. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी म्हणाले, “पंपाचा टायमर सेट करून घ्या,” तर मागून टाळ्या. सेक्रेटरींना आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या मिळाल्या. पुढे ते मुद्दाम तो शब्द घालून बोलायला लागले, पण काका पक्के. “मुद्दाम बोल्लेला चालत नाय,” म्हणून त्यांनी तीन सेट नापास केले.

आणि मग ब्यूटी पार्लरचं प्रकरण झालं. संध्याकाळी साडेपाचला मला फोन आला. पार्लरवाली माझ्या विद्यार्थिनीची आई. “मॅडम, तुमच्या बिल्डिंगमधला एक म्हातारा आत घुसलाय. नवरी बसलीय माझ्याकडे!” मी धावत गेले. डोक्यात पंचवीस पिना अडकवलेली नवरी किंचाळत होती, आणि काका दाराशी पाठ करून, सभ्यपणे भिंतीकडे बघत विचारत होते, “येवढाच सांगा, केस काय करतेत?” “सेट करतोय हो, बाहेर जा!” “साक्षीदार कोन?”

मी त्यांना दंडाला धरून आणलं. जिन्यात माझा तोल गेला. “बास झालं काका आता! काकी घरात तशा पडलेल्या, आणि तुम्ही वही घेऊन गावभर हिंडताय. लोक हसतात. लाज वाटली पाहिजे.” हे शेवटचं वाक्य मला आजही बोचतं.

काका चिडले नाहीत. त्यांनी दार उघडलं आणि म्हणाले, “ये आत.”

काकी गॅलरीजवळ खुर्चीत होत्या, मालिशवाली शांताबाई पिशवी उचलून निघत होती. काका दिसल्याबरोबर त्यांचा चेहरा उजळला आणि त्या स्पष्ट, खणखणीत म्हणाल्या, “सेट.”

समोरून येणारं ‘सेट, सेट’ मी इतके दिवस टीव्हीतलं समजत होते. “काकी बोलतात?”

“येवढाच. समदे शब्द गेले, ह्यो एकच राह्यला. डाक्टर बोल्ले, आसा होतो कंदी कंदी. कोनाला सांगितला नाय मी. लोका हसतील तिला. मला हसतात ते चालतं.”

काकींनी टेबलावरच्या कपाकडे बघून पुन्हा “सेट” म्हटलं. “च्या पायजे,” काका म्हणाले. “कपबश्यांचा सेट, त्याच्यावरनं मी पकडला. टीवी पायजे तरी सेट, दही पायजे तरी सेट. मी एकेक लावून बघतो, एकेक पाना नटाला लावून बघावा तसा. बसला तर ती मान हलवते. पन ती काय डिक्शनरी वाचलेली नाय ना गो. तिनं ऐकला आसंल तो हितंच, मानसाच्या तोंडनं. म्हनून मी मानसांच्या मागं फिरतो.”

मला कुठे तोंड लपवू असं झालं.

“आणि सापडत नाही तो कुठला?” मी विचारलं.

“पाचचा. पाच वाजता मालिशला शांताबाई येते, त्या टायमाला ही चालू होते. सेट, सेट, सेट. रडते. मी च्या दिला, नाय. टीवी लावला, नाय. घड्याळ दाखवला, नाय. मालिश बंद करून बघितली, तरी नाय. शांताबाई बोलते, नंतर पन तासभर चालू आसतं. काय तरी मागते ती माझ्याकडं. आन माझ्याकडं तो शब्दच नाय.” काकांनी काकींचा पदर सारखा केला. “येवढी वर्सं राबली घरासाठी, कंदी काय मागितला नाय. आता मागते, तर मना कळत नाय.”

त्या दिवसापासून इमारतीत वेड्यांची संख्या दोन झाली. स्टाफरूममध्ये हेडबाईंनी “नववीचा पेपर सेट केलात का?” म्हणून विचारलं, तर मी त्यांचीच सही घेतली. शहाडची माझी नणंद फोनवर म्हणाली, “धाकटा दुबईत सेट झाला,” तर मी धाकट्याचं अभिनंदन विसरून पेन शोधत सुटले. ठाण्याच्या दातांच्या डॉक्टरांकडे मी दाढ काढायला गेले आणि अर्धं तोंड बधिर असताना ‘दातांचा सेट’ घेऊन आले. रोज साडेचारला आम्ही दोघं काकींपुढे परीक्षेला बसायचो. दातांचा? काकी हसल्या. गळ्यातल्याचा? नाही. नाटकाचा? नाही. पाच वाजले की शांताबाई यायची, मी घरी यायचे, काका शर्ट चढवायचे आणि घाईघाईनं नवीन शब्दाच्या शोधात बाहेर पडायचे.

मग शांताबाईनं दोन दिवसांची सुट्टी घेतली, भाचीच्या लग्नाची. काका म्हणाले, “टीचर, तासभर बसशील? नाक्यावरच्या बँडवाल्याकडं ड्रमचा सेट हाय बोलतात. तो राह्यलाय बघायचा.”

मी बसले. काकांनी शर्ट घातला. काकी दाराकडे बघायला लागल्या. काकांनी चपला घातल्या. “सेट,” काकी म्हणाल्या. “आलोच, आलोच, तोच आनाया जातो,” म्हणून काकांनी दार ओढलं. “सेट!” काकींनी डाव्या हातानं खुर्चीचा दांडा धरला होता. जिन्यात चपलांचा आवाज खाली खाली जात होता आणि इकडे आवाज वर वर चढत होता. “सेट! सेट!” चपला ऐकू येईनाशा झाल्या, तशा त्या रडायला लागल्या. ना त्यांनी घड्याळाकडे बघितलं, ना टीव्हीकडे. सगळा वेळ नजर त्या बंद दारावर.

तासाभरानं त्या एकदम गप्प झाल्या. डाव्या हातानं पदर ओढून तोंड पुसलं. मला काही कळेना. मग मलाही जिन्यात पाय वाजलेला ऐकू आला.

दार उघडून काका आत आले ते धापा टाकत, हर्षानं. “टीचर, गावला! बँडवाला सोता बोल्ला, सही पन केली!”

“काका, बसा,” मी म्हणाले. मलाच धाप लागली होती. “पाचचा मिळाला.”

“कंचा?”

“तुम्ही चपला घातल्या की त्या सुरू होतात. जिन्यात तुमचा पाय वाजला की थांबतात. काका, त्या काही मागत नाहीत. त्या तुम्हाला हाक मारतात.”

काका काकींकडे वळले. “मना?” ते म्हणाले. “पन तिनं मना नाव घेऊन हाक नाय मारली कंदी. लग्नात घेतला नाव, तेवढाच. त्याच्यानंतर नुसता ‘अवो’. कुटं पन आसलो तरी ‘अवो’ आला का मी ओ द्यायची.” त्यांनी दाराकडे बघितलं. “आठ महिने ती मना हाका मारते, आन मी तिचा शब्द शोधाया बाहेर.”

ते काकींच्या पायाशी जमिनीवरच बसले. वही बाजूला पडली, ती उचलावी असं त्यांना वाटलं नाही. काकींनी डावा हात पुढे करून त्यांची कॉलर धरली.

“सेट,” त्या म्हणाल्या.

“ओ,” काका म्हणाले.

काकींनी त्यांच्याकडे नीट निरखून बघितलं, खात्री करून घेतल्यासारखं. मग मोठ्यानं, “सेट!”

“ओ गो, ओ! हितंच हाय.”

मी हळूच उठले, दार ओढून घेतलं आणि माझ्या घरात येऊन कुकर लावला. शिट्टी झाली, भाजी झाली, नवरा कामावरून आला, आणि समोरून अजून हाक येत होती आणि प्रत्येक हाकेला ओ जात होती.