घरजावयाचा नेम

घरात रायफल एकच येईल आणि तीही स्वस्तातली, असे ल्युबिंकाने सूप वाढता वाढता जाहीर केले. टेबलापाशी तिचा नवरा ओब्राद आणि जावई स्रेतेन समोरासमोर बसले होते. दोघांचेही चमचे हवेत थांबले.

"एका घरात दोन रायफली कशाला? कुणाशी लढायचंय?" ती म्हणाली. "यंदा रास्पबेरीला भाव नाही. एक घ्या आणि आळीपाळीने उडवा."

दर वर्षी जुलैत, सेंट पीटरच्या सणाला, गावात जुन्या लष्करी रायफलींची स्पर्धा असते. सैन्याने मोडीत काढलेल्या, प्रत्येक गोळीला हाताने खटका मागे ओढावा लागतो अशा रायफली. वर दुर्बीण लावायची नाही. बक्षीस म्हणून एक मेंढा. ओब्रादने तो मेंढा इतक्या वेळा घरी आणला होता की बाकीच्यांना तो त्याच्याच कळपातून भाड्याने आणलेला वाटे. पण गेल्या हिवाळ्यात त्याच्या जुन्या रायफलीची नळी पार घासली, दस्ताही चिरला. आणि नेमका त्याच सुमारास स्रेतेननेही परवाना काढला.

स्रेतेन आरिल्ये गावातल्या शीतगृहात कारकून होता. रास्पबेरीच्या पेट्यांची वजने घ्यायची, हे त्याचे काम. लग्नानंतर तो बिल्यानाच्या, म्हणजे बायकोच्या माहेरीच राहायला आला. आमच्या डोंगरात घरजावयाला सगळे प्रेमाने वागवतात, फक्त त्याचे मत कोणी विचारत नाही. स्रेतेनला परवाना हवा होता तो याचसाठी. एकदा तरी मेंढा आपण ओढत आणावा आणि सासऱ्याने फाटक उघडावे, एवढीच त्याची इच्छा होती.

"मोसिन घ्यायची," ओब्राद म्हणाला. "रशियन माल. चिखलातून काढा, पुसा, उडवा. आणि सगळ्यांत स्वस्त."

"माउझर घेऊ या, बाबा. आपल्याच देशात बनलेली आहे. खटका कसा लोण्यासारखा सरकतो. मोसिनचा उघडायला हातोडा लागतो म्हणे."

"ज्याच्या मनगटात जोर नाही त्याला लागतो, जावईबापू."

"दोन्ही मारून बघा," ल्युबिंका म्हणाली. "जी जास्त लागेल ती घ्या. सूप थंड होतंय."

आरिल्येतला बंदुकांचा दुकानदार कामेन्को रविवारी दोन्ही रायफली घेऊन गावाच्या नेमबाजीच्या मैदानावर आला. दोन्ही सरकारी गोदामातून आल्या होत्या आणि दोन्हींना ग्रीसचा असा वास होता की ओब्रादचे मन भरून आले. मैदान सांभाळणारा तिहोमिर खुशीत होता. त्याने आठवडाभर खपून नेमबाजांची सहाही बाकडी रंगवली होती, आणि समोर शंभर मीटरवर ज्या फळ्यांवर निशाणाचे कागद लावतात त्यांच्या आकड्यांच्या तळहाताएवढ्या पाट्याही.

ओब्राद मोसिन घेऊन तीन नंबरच्या बाकड्यावर पालथा झोपला, स्रेतेन माउझर घेऊन चार नंबरवर. दोघांनी पाच-पाच गोळ्या झाडल्या. नेमबाजी क्लबची दुर्बीण दुरुस्तीला गेली होती, त्यामुळे कोणाची कुठे लागली हे कळायला मार्ग नव्हता. तिहोमिर फळ्यांपर्यंत चालत गेला, पाट्या वाचून कागदांच्या मागे तीन आणि चार असे आकडे घातले, आणि येऊन ज्याचा त्याला दिला.

स्रेतेनच्या कागदावर काळ्या वर्तुळात, जरा खाली उजवीकडे, पाचही भोके राकियाच्या, म्हणजे फळांच्या दारूच्या, पेल्याखाली झाकतील इतकी जवळजवळ होती. ओब्रादच्या कागदावर एक भोक कोपऱ्यात होते, एक कडेला अर्धे, आणि तिसरे असे की ते गोळीचे की वाळवीचे यावर चर्चा झाली. उरलेल्या दोन गोळ्या कुठे गेल्या ते डोंगरालाच ठाऊक.

कामेन्कोने हातातल्या मोसिनकडे पाहिले. गिऱ्हाइकासमोर कापलेले कलिंगड आतून पांढरे निघावे, तसा त्याचा चेहरा झाला.

ओब्राद दोन्ही कागद बराच वेळ निरखत राहिला. मग बाकड्यावर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "डोळे गेले."

"असं काय म्हणता, बाबा? आता रायफली बदलून मारू. कदाचित ही मोसिनच—"

"कशाला? जी लागते ती घे." आणि तो उठून गाडीकडे चालू लागला. जाता जाता कुंपणाला धडकला.

माउझर घरी आली. ल्युबिंकाने तो कागद फ्रिजच्या दारावर लावला. रविवारच्या सुपाची पहिली पळी स्रेतेनच्या ताटलीत पडली. बिल्यानाने टेबलाखालून त्याचा गुडघा दाबला. शेजारी येऊन कागद पाहून गेले आणि त्याला राकिया पाजून गेले. स्रेतेन चालतानासुद्धा किंचित एक डोळा बारीक करू लागला.

सोमवारी सकाळी ओब्रादने गाडीची किल्ली त्याच्यापुढे ठेवली.

"हे काय?"

"डोळे गेलेल्या माणसाने गाडी चालवू नये. लोकांच्या कोंबड्या मरतील."

हे पटण्यासारखे होते. फक्त किल्लीबरोबर आणखी काय काय येते हे स्रेतेनला शनिवारी कळले. ल्युबिंकाला साय विकायला पोझेगाच्या बाजारात न्यायचे, तिथे दुपारपर्यंत तिच्याजवळ पेट्यांवर बसायचे, आणि येताना वाट वाकडी करून तिची बहीण देसांका हिच्याकडे जायचे. देसांकाचे पित्ताशय काढलेले होते आणि ते कसे काढले हे ती सुरुवातीपासून सांगत असे. इतकी वर्षे हे सगळे ओब्राद ऐकत आला होता. आता स्रेतेन ऐकू लागला.

मग एकेक काम नजरेचे निघू लागले. रास्पबेरीतली पाने आणि अळ्या निवडायला नजर लागते. लाकडे कापायच्या यंत्रालाही लागते, नाहीतर बोटे जातात. शुक्रवारी ओब्रादच्या ताटलीतल्या माशाचे काटे काढायचे. ल्युबिंकाच्या सुईत दोरा ओवायचा. संध्याकाळी सासऱ्याला वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, आणि निधनवार्ता दोनदा, कारण पहिल्यांदा त्याला नाव नीट लागत नसे. ओब्राद अक्रोडाच्या झाडाखाली डोळ्यांवर ओला रुमाल आणि त्यावर टोपी ठेवून पडून असे. आवाज चढवणे तर त्याने सोडूनच दिले होते.

शेजाऱ्याची मेंढी हरवली तेव्हा तो थेट स्रेतेनकडे आला. "तुझी नजर घारीसारखी. जरा वर येऊन कड्यावरनं बघ."

स्रेतेनने कड्यावरून पाहिले आणि पांढरे काहीतरी दाखवले. तासभर उतरून दोघे तिथे पोचले. ती चुन्याची गोण निघाली.

"या घरात मला कोणी विचारत नाही म्हणायचास," बिल्याना त्याच्या पाठीला मलम चोळत म्हणाली.

"आता जरा कमी विचारलं तरी चालेल."

सण आठवड्यावर आला तेव्हा एका दुपारी कामावरून सुटल्यावर तो माउझर घेऊन सरावाला गेला. मैदानावर तिहोमिरशिवाय कोणी नव्हते. आपल्याला लाभलेले चार नंबरचे बाकडे त्याने घेतले. तिहोमिर कागद लावून परत आला. स्रेतेनने डोळा लावला आणि पुन्हा उठून बसला.

"तिहोमिर, कागद तीनवर का लावलास? मी चारवर आहे."

"चारवरच लावलाय."

"माझ्यासमोर नुसती फळी आहे."

दोघे चालत फळ्यांपाशी गेले. कागदाच्या वर टांगलेल्या पाटीवर चार असेच लिहिले होते. पण तिथून वळून पाहिले तर समोर होते ते तीन नंबरचे बाकडे. तिहोमिरने टोपी काढली.

"पाट्या टांगताना मी फळ्यांच्या मागे उभा होतो. तिथं सावली असते. डावीकडून एक, दोन, तीन करत लावत गेलो. बरोबर आहे की."

"बाकड्यांकडून सगळं उलटं होतं, तिहोमिर."

"मी तिकडून लावल्याच नव्हत्या ना."

स्रेतेनने मनात हिशेब केला. मग तो परत जाऊन, आता कागद खरोखर ज्याच्या समोर होता त्या बाकड्यावर झोपला आणि पाच गोळ्या झाडल्या. तिहोमिरने आणलेल्या कागदावर एक भोक कोपऱ्यात होते आणि एक कडेला अर्धे. स्रेतेन गवतात बसला. फ्रिजवरचा कागद सासऱ्याचा होता. आणि ती पाच भोके त्या भिकार ठरलेल्या मोसिनची होती.

"काही बोलू नकोस," घरी बिल्यानाने त्याला बजावले. "बाबा महिन्याभरात एकदाही ओरडले नाहीत. आई खूश आहे. तूही खूश होतास."

"त्यांना वाटतंय आपण आंधळे होतोय. मोतीबिंदूच्या डॉक्टरची वेळ घेतलीय त्यांनी."

"डॉक्टर सांगेल की नाहीये म्हणून. तेव्हा सगळ्यांना आनंद होईल."

स्रेतेनने दोन दिवस सोसले. पण तिसऱ्या दिवशी ओब्राद कॉफीचा पेला शोधत टेबलावर हात फिरवताना दिसला आणि स्रेतेनने पेला त्याच्या हातात दिला. सुपाची पहिली पळी गेली तरी चालेल, पण सांगायचे, असे त्याने ठरवले. शनिवारच्या बाजारातून सुटका होईल हेही त्याच्या मनात आले नाही असे नाही, पण ते नंतर आले.

जेवणे झाल्यावर बायका स्वयंपाकघरात असताना तो अक्रोडाखाली गेला आणि सासऱ्याजवळ बसून त्याने पाट्यांपासून पाच भोकांपर्यंत सगळे सांगितले. ओब्रादने टोपीखालून रुमालाचे एक टोक उचलले.

"कोणाकोणाला सांगितलंस?"

"बिल्यानाला फक्त."

"आणि तिहोमिर?"

"तो पाट्या बदलतोय. गप्प राहील. रंगाचे पैसे क्लबने दिलेत."

"छान," ओब्राद म्हणाला आणि रुमाल खाली सोडला. "मग आता तूही गप्प राहा."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"जावईबापू, पन्नास वर्षं नेम धरतोय मी. खाली उजवीकडे, पाचही एकत्र. माणूस स्वतःची सही ओळखत नाही का? आणि तो दुसरा कागद. तसं मी स्वतःच्या लग्नात प्यालो होतो तेव्हासुद्धा मारलं नव्हतं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलणार होतो. तेवढ्यात कामेन्कोचं तोंड बघितलं." रुमालाखाली ओब्रादच्या मिशा हलल्या. "मंगळवारी त्याच्याकडे गेलो, बसने. म्हटलं, ती वांझोटी मोसिन भिंतीवर लावायला काय भावाने देशील? अर्ध्यात दिली. वर गोळ्यांच्या दोन पेट्या. ते ओझं दुकानातून गेलं म्हणून माझे आभार मानले त्याने."

"कुठेय ती?"

"क्लबात, कुलपात. रीतसर माझ्या परवान्यावर. शनिवारी तुम्ही बाजाराला गेलात की मी जाऊन येतो."

देसांकाच्या पित्ताशयाचे सगळे शनिवार स्रेतेनच्या डोळ्यांपुढून गेले. "आणि ते डॉक्टर?"

"ऑक्टोबरात आहेत. तोवर रास्पबेरी संपेल, प्लम उतरतील, राकिया गाळून होईल. मग डोळे बरे होतील. औषधं काय भारी आलीत आजकाल."

"मी आत जातो," स्रेतेन उठत म्हणाला, "आणि आईंना सांगतो की घरात दोन रायफली आहेत."

ओब्रादने रुमाल पूर्ण काढला. जावयाकडे त्याने नीट, वरपासून खालपर्यंत पाहिले. त्या नजरेत कसलाही मोतीबिंदू नव्हता.

"बस," तो म्हणाला. "काय हवंय?"

"देसांकामावशी."

"तिला मी इकडे बोलावतो. आजारी मेव्हण्याला भेटायला ती बसने येईल. मी ऐकेन. मला सवय आहे."

"आणि सणाला मी मोसिनने मारणार."

"माउझरला काही झालेलं नाही. तू चाप ओढताना डोळे मिटतोस. दोन्ही."

"मोसिनने," स्रेतेन म्हणाला.

"बरं, मोसिनने. घरात सांग, कामेन्कोकडून उसनी घेतली. उद्यापासून शिकवतो."

"डोळे गेलेला माणूस कसा शिकवणार?"

"तोंडाने," ओब्राद म्हणाला. "आजवर काय वेगळं केलंय?"

स्वयंपाकघराच्या दारातून ल्युबिंकाने हाक मारली. केक भट्टीतून निघाला होता आणि थंड झाला तर दोष तिचा नव्हता. ओब्रादने टोपी कपाळावर ओढली, उठला आणि एक हात हवेत पुढे धरला. स्रेतेनने क्षणभर त्या हाताकडे पाहिले. मग पुढे होऊन तो धरला.

दोघे अंगणातून चालू लागले. वाटेत एक कोंबडी आडवी आली, तेव्हा ओब्रादने खाली न पाहता अलगद पाय उचलून तिला ओलांडले.

"जरा आंधळ्यासारखं चाला," स्रेतेन पुटपुटला.

ओब्राद लगेच अडखळला, इतका सुरेख की ल्युबिंकाने दारात छातीवर हात ठेवला.

"पायरी आहे, बाबा," स्रेतेन मोठ्याने म्हणाला.