हार दिसला की कैलासवासी!

"डोळे मिटून हवा तो फोटो शोधून दाखवीन!" नेरच्या कॉलेजात इतिहास शिकवणारे चारुदत्त सर बायकोला, शुभदाला, छातीठोकपणे म्हणाले.

कापसाचे भाव पडून बाजार ओस पडला होता, आणि त्याच बाजाराच्या जुन्या वैभवावर सर पीएचडी करत होते. घरोघरच्या तसबिरींचे चार हजार फोटो त्यांनी कॉम्प्युटरवर घेतले. प्रत्येकाला टॅग लावायचा: गाव, साल, नाव, हयात की नाही. शेवटच्या टॅगसाठी सरांनी अक्कल पाजळली. गळ्यात हार असला की माणूस गेलेला! एका बैठकीत नऊशे जणांना 'कै.' लागलं.

"अहो, एकेकाला विचारा तरी," शुभदा म्हणाली.

"विचारायचं काय त्यात? हार दिसतो ना!"

अडलं होतं ते बापूजींपाशी. या म्हाताऱ्या अडत्याकडे जुन्या बाजाराच्या फोटोंची पेटी होती. तिच्याशिवाय प्रबंध पुरा होईना, आणि मुदत मार्चची! बापूजींचं म्हणणं एकच: "मी जित्ता हाओ तवर पेटीले हात लावू देत नाही. माह्या मांगं तुलेच!"

म्हाताऱ्याला खूश करावं म्हणून सरांनी कॉलेजात पडद्यावर फोटो दाखवायचा कार्यक्रम ठेवला. प्रमुख पाहुणे अर्थातच बापूजी.

पहिलाच फोटो बापूजींच्या सत्काराचा. गळ्यात झेंडूचा हा एवढा हार, आणि खाली ठळक अक्षरांत 'कै. बापूजी'!

पुढच्या रांगेतले बापूजी मागच्यांना दिसत नव्हते; त्यांनी वाचलं आणि ते श्रद्धांजलीला उभे राहिले. मागचे उभे म्हणून पुढचेही. चष्मा घरी विसरलेले बापूजीसुद्धा मान खाली घालून उभे! सरांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांनी धडपडत पुढचं बटण दाबलं, तर नमुन्यादाखल टाकलेला स्वतःच्याच लग्नाचा फोटो! हार घातलेलं जोडपं, दोघंही कैलासवासी!

"तुम्ही घरी चला!" शुभदा एवढंच म्हणाली.

"कोन गेलं गा?" बापूजींनी शेजारच्या अय्यूब मिस्त्रींना विचारलं.

"आपच, बापूजी!"

बापूजींनी सरांकडे वळून पाहिलं. "काहून रे मास्तर, पेटीची एवढी घाई झालती?"

गेली पेटी, गेली पीएचडी!

पण म्हातारा एकाएकी खुलला. "अरे, मेल्याची खोटी बातमी उठली का मान्साचं आयुष्य वाढते! आता दहा वर्सं मले मरन नाही!" त्यांनी तिथल्या तिथे पेढे मागवले आणि पहिला पेढा सरांच्या तोंडात कोंबला. "पेटी तुलेच, मास्तर. शब्द म्हंजे शब्द. माह्या मांगं!"

सरांनी पेढा चावता चावता हिशेब केला. मार्च दीड महिन्यावर आला होता, आणि बापूजी दहा वर्षं लांब गेले होते!