काटा खाली का येतो?

अमोनियाच्या नव्या टाकीत सकाळी अकराला हवा भरली आणि साडेअकराला दाबाचा काटा दोन रेघा खाली आला. टाकी पक्की असती तर काटा पाचावर टिच्चून उभा राहिला असता. म्हणजे कुठूनतरी हवा निसटत होती. आणि जिथून हवा जाते तिथून अमोनियाही जाणार, हे सांगायला शाळा लागत नाही.

साबणपाणीवाल्या बाईंची शाळा दुसरीतच सुटली होती. पण या कारखान्यात त्यांची बावीस वर्षं झाली होती. फरशी पुसायची आणि गळती शोधायला साबणाचं पाणी करायचं, ही दोन कामं त्यांची. साबण किसायचा, कोमट पाण्यात विरघळवायचा, वर चमचाभर ग्लिसरीन. ढवळायचं हलक्या हातानं. फेस बादलीत नको, सांध्यावर यायला हवा. अमोनियाचीही त्यांना ओळख होती. मागे एकदा जुन्या नळीतून चिमूटभर निसटला, तर अख्खा कारखाना डोळे पुसत फाटकाबाहेर उभा. मालक गेल्यावर कुणी रडणार नाही इतकं सगळ्यांनी त्या दिवशी रडून घेतलं.

आज बाईंचा जीव टांगणीला लागला होता तो वेगळ्याच कारणानं. टाकीची तपासणी करणारा माणूस त्यांचा जावई होता. सामानाच्या खोलीत खिळे मोजणाऱ्या जावयाला तपासणीवर घ्या म्हणून मोठ्या साहेबांच्या मागे वर्षभर लागल्या होत्या त्याच. "साहेब, हवा कुठून जाते ते त्यांना नुसत्या कानानं कळतं," असंही ठोकून दिलं होतं. आज त्याची पहिली एकट्याची टाकी. चुकला, तर परत खिळे.

"जावईबापू, हवा जाते कुठं?" बाईंनी विचारलं.

"तेच बघतोय, आई." जावई ब्रशनं एकेका सांध्याला साबण लावत होता. एकवीस सांधे होते. एकावरही बुडबुडा नाही.

"साबण पातळ झाला की काय?" साहेब येऊन म्हणाले. "मावशी, बाजारात तयार बाटली मिळते हो."

"मिळते ना. साहेबसुद्धा तयारच मिळतात हल्ली," बाई म्हणाल्या. "माझ्या पाण्यानं बावीस वर्षांत एक गळती सोडली असेल तर सांगा."

साहेब फाटकाकडे वळले, कारण तिथे अमोनियाचा टँकर येऊन थांबला होता आणि टँकरवाला हातवारे करत आत यायला बघत होता.

"मावशी, किती वेळ? माझा टँकर उन्हात तापतोय."

"मग सावलीत लावा. गळक्या टाकीत अमोनिया भरायचा म्हणजे फाटक्या खिशात विंचू ठेवायचा. तुम्ही ठेवाल?"

टँकरवाला खिसा चाचपत मागे फिरला.

जावयानं एकवीस सांधे पुन्हा पहिल्यापासून घेतले. मध्येच मान वर करून म्हणाला, "आई, दोन वाजले. जेवून घ्या जा."

"काटा खाली का येतो ते कळल्याशिवाय मला घास उतरायचा नाही." बाईंनी उपडा डबा ओढला आणि टाकीसमोर बैठक मारली. आपण समोर असलो की जावयाला धीर येतो, अशी त्यांची खात्री होती. जावयाला घाम येत होता.

बसल्या बसल्या बाईंचं डोकं चालू झालं. हवा दिसत नाही, पण ती धक्का देते. धक्का दिला की काहीतरी हलतं. मग त्या सांध्यांकडे न बघता हलणाऱ्या वस्तूच शोधू लागल्या. सगळं निपचित होतं. फक्त वर, काट्याच्या तबकडीच्या मानेला पुसायच्या कापडाचा एक धागा अडकला होता, तो वारा नसताना थुईथुई नाचत होता.

कापड बाईंचंच होतं. सकाळी, हवा भरायच्या आधी, त्यांनी तबकडी पुसली होती. तिचं तोंड भिंतीकडे होतं. माणसांनी वाचायची वस्तू अन् भिंतीकडे तोंड करून बसते म्हणजे काय? त्यांनी ती दोन्ही हातांनी धरून दाराकडे फिरवली होती. फिरवली म्हणजे सैल केली, हे आत्ता कळलं.

आता आली का पंचाईत! बोलावं तर, "आपली नाही त्या वस्तूला हात लावू नये" हे बावीस वर्षं सगळ्यांना ऐकवलेलं आपल्याच अंगावर येणार. वर लोक म्हणणार, जावयाच्या कामात सासू लुडबुड करते. न बोलावं तर जावई खिळे मोजायला जातो.

बाई उठल्या. मगभर साबणपाणी घेतलं, "अगं बाई, पाय घसरला," असं पाय न घसरताच म्हणाल्या, आणि तो मग नेमका तबकडीच्या मानेवर रिकामा केला.

"मावशी! अहो, गेज आहे तो!" साहेब धावत येत ओरडले.

आणि तबकडीच्या मानेभोवती बुडबुड्यांचा असा गजरा फुलला की बघत राहावं.

"सापडलं!" टँकरवाला फाटकातून ओरडला.

साहेबांचा आवाज चढला. "गेज कुणी बसवला होता?"

"मीच, साहेब," जावई ताडकन म्हणाला. "आवळायचा कमी पडला. माझी चूक."

"लिहून द्या तसं. आणि उद्या सकाळी सामानाच्या खोलीत—"

"खोटं बोलतात ते!" बाईंना राहवलं नाही. "त्यांनी चांगला आवळला होता. मी फिरवला सकाळी. माझं नाव लिहा. लिहायला मला येत नाही, अंगठा देते."

"आधी हवा सोडा, गेज आवळा, परत भरा," साहेब म्हणाले. "काटा तासभर हलला नाही, तर मी काही ऐकलेलं नाही."

हवा सोडली, गेज पान्यानं आवळला, परत पाचापर्यंत हवा भरली. तासभर काटा जागचा हलला नाही. साहेबांनी सही केली आणि टँकरला आत बोलावलं.

"जावईबापू," बाई हळूच म्हणाल्या, "माझ्यापायी अंगावर कशाला घेतलंत?"

"मला बारालाच कळलं होतं, आई. तबकडी फिरलेली दिसली, कापडाचा धागा दिसला."

"बाराला? मग तेव्हापासून त्या एकवीस सांध्यांना काय आंघोळ घालत होतात?"

"तुम्ही जेवायला गेलात की दहा मिनिटांत हवा सोडून गुपचूप आवळणार होतो. तुमचं नाव कुठे यायला नको म्हणून. पण तुम्ही जागच्या हललाच नाहीत."

टँकरचा पाइप जोडायचा होता, त्याचे दोन सांधे अजून तपासायचे होते. बाईंनी बादली जावयाजवळ सरकवली आणि तरातरा फाटकाकडे जाऊन, टाकीकडे पाठ करून, टँकरवाल्याशी भांडण काढलं. अधूनमधून मान वळवून बघत होत्या, तेवढंच.