पांढऱ्या डोळ्यांची चिलटं

पुनमनं देवघराशेजारच्या कोनाड्याकडे पाहिलं. बाटली जागेवरच होती. पण धुतलेली, उपडी, लख्ख.

"आई, यातलं काय झालं?"

"त्यामाना शिरा आंबी गयथा, माय," ताईबाई म्हणाल्या. "बठ्ठी चिलटंच व्हतीत. खिडकीमा उघाडी, आन् धुई टाकी. एवढी एमेस्सी शिकस, बाटली धोवानं भान नही?"

रवा आणि गूळ घातलेला तो शिराच होता म्हणा, पण माश्यांसाठी शिजवलेला. पांढऱ्या डोळ्यांच्या या फळमाश्या कॉलेजात पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या. सुट्टीत तिथली वीज जाते म्हणून योगेंद्र सरांनी त्या पुनमच्या हाती सोपवल्या होत्या. "पुढच्या महिन्यात लाल डोळ्यांच्या माश्यांशी यांचा संकर. त्यावरच प्रॅक्टिकल. या गेल्या तर वर्ष गेलं समज."

"आई, तो शिरा माझ्या माश्यांचा होता!" म्हणत ती खिडकीशी धावली. खाली देवपूरच्या त्यांच्या गल्लीत सप्ताहाचा मांडव, मांडवात काल्याचं कीर्तन आणि टोपलीत प्रसादाची पिकलेली केळी. चिलटं आणखी कुठं जाणार?

भिंग आणि रिकामी बाटली घेऊन पुनम टोपलीशी पोचली तेव्हा प्रेमराजबुवा ऐन रंगात होते. मृदंग घुमत होता, टाळकरी देहभान विसरून डोलत होते. बाळकृष्ण लोण्याकडे निघाला होता, पुनम केळ्यांकडे. ती एकेका केळ्यावर भिंग धरी. लाल डोळे. हेही लाल.

"काय देखस व ती? किडा शे का?" एक बाई कुजबुजली.

"कॉलेजनी पोर शे. तिले माहीत ऱ्हास."

बायकांतला किडा पुरुषांत पोचेपर्यंत विषारी झाला. केळी आणणारे चुडामण आबा, म्हणजे पुनमचे आजोबा, गर्दीतून आले. "पुनम! मन्ह्या केळीसले काय व्हयनं व?" त्यांचेही डोळे लालच होते.

टाळ थांबले. बुवा थांबले. सगळा मांडव पुनमकडे बघू लागला, आणि मागच्या रांगेतून चक्क योगेंद्र सर उठले. पुनमनं डोळे मिटून पांडुरंगाचा धावा केला.

सर टोपलीपुढे गुडघे टेकून बसले. "पुनम, कुणाला बोलू नकोस," ते कानाशी पुटपुटले. "लाल डोळ्यांच्या सगळ्या मेल्या. बाटली मीच उन्हात विसरलो. इथं केळी असतील म्हणून पकडायला आलो." त्यांच्या पिशवीतूनही एक बाटली डोकावत होती. "तुझ्या पांढऱ्या ठीक ना?"

"त्यांना... कीर्तनाला आणलंय, सर."

तेवढ्यात वरून बुवांचा आवाज घुमला, "बघा! एवढा विद्वान प्राध्यापक प्रसादापुढे गुडघे टेकतो, आणि तुम्ही शंका घेता?" झालं! आबांच्या कपाळावरची आठी गेली, रांग लागली. सरांनी घाईघाईनं दोन केळी चिलटांसकट बाटलीत कोंबली, बाटलीच्या तोंडाला रुमाल बांधला आणि भिंग लावलं.

"पुनम! ही बघ, पांढऱ्या डोळ्यांची! मादी आहे! देवपुरात आपोआप उपजली! अगं, डोळ्यांदेखत उत्परिवर्तन झालंय! मी शोधनिबंध लिहितो. फक्त तुझ्या माश्यांत हिला मिसळू देऊ नकोस हं."

पुनमनं आपली रिकामी बाटली पुढं केली. "सर, मिसळायला दुसरं काही उरलंच नाही."

सरांनी ती बाटली उजेडात धरून पाहिली. मग भिंग पुसत हळूच म्हणाले, "निबंध राहू दे. चल, निवडू."

"काल्यात भेद नाही!" बुवा गर्जले. टोपलीआड मांडी घालून गुरू-शिष्या लाल एकीकडे आणि पांढरी एकीकडे करत बसली. इतक्यात ताईबाई वाफाळती वाटी घेऊन आल्या.

"माय, चुकनं मन्हं. तुन्या माश्यासले ताजा शिरा करी लयनू. या बार साजूक तूप टाकं."